दगडाची भुकटी आणि पेशींचा निरोप



या व्याख्यानमालेत आपण आजवर संतवाङ्मय, नाटक, कादंबरी, भाषा अशा विषयांवर ऐकत आलो. यंदाचा विषय शरीरातल्या पेशींचा आहे हे कळल्यावर काहींनी विचारले, 'साहित्याच्या व्यासपीठावर हे कशाला?' प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी पाटी-पेन्सिलीपासून देतो.

तुमच्यापैकी साठी ओलांडलेल्या बहुतेकांनी पहिले अक्षर पाटीवर गिरवले असेल. ग, म, भ, न काढताना पेन्सिल कुरकुर वाजायची, तुकडा उरला की तोही जपून ठेवायचा. ही पेन्सिल तयार करण्याचे एक मोठे केंद्र आपल्याच राज्यात, मंदसौरला होते. तिथला दगड यंत्रावरच्या करवतीने चिरून त्याच्या बारीक कांड्या काढत. चिरताना भुकटी उडे आणि चिरणारा दिवसभर त्या भुकटीत श्वास घेई. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी या कामगारांची तपासणी केली. त्यांचा अहवाल १९८५ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, झालेला होता. आपण ज्या कांडीने अक्षरे शिकलो, तिची ही दुसरी बाजू आहे. म्हणून हा विषय आपल्या मंडळाला परका नाही.

आणि बालाघाटला तर तो मुळीच परका नाही. वैनगंगेच्या या खोऱ्यात आपली घरे पिढ्यान् पिढ्या आहेत. नागपूरकर भोसल्यांचे राज्य, मग मध्य प्रांत, मग १९५६ नंतरचा मध्य प्रदेश अशी राजवट बदलत गेली, घरात मराठी आणि बाजारात हिंदी अशी आपली रीत पडली. या सगळ्या काळात जिल्ह्याच्या अर्थकारणाला दोन गोष्टींनी आधार दिला, भात आणि खदान. भरवेली, उकवा, तिरोडी ही नावे मँगनीजमुळे देशभर माहीत झाली. मलाजखंडला तांबे निघाले. आता या दगडांकडे जरा नीट पाहा. मलाजखंडचे तांबे ज्या शिरेत आहे ती गारेची, म्हणजे क्वार्ट्झची आहे. मध्य प्रांतातल्या मँगनीजच्या सोबत सापडणाऱ्या एका खडकाला भूवैज्ञानिक फर्मर यांनी गोंड लोकांच्या नावावरून 'गोंडाइट' असे नाव दिले. त्यातही मँगनीजच्या गार्नेटबरोबर गार असते. आपण लहानपणी दोन गारगोट्या एकमेकींवर घासून अंधारात ठिणग्या पाडायचो, तीच ही गार. तिचे रासायनिक नाव सिलिका.

अखंड गार निरुपद्रवी असते. ती फोडली, चिरली, त्यात भोक पाडले की धोका सुरू होतो. डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात आणि घशात अडकते, शिंकेवाटे आणि खाकरून बाहेर पडते. धोका न दिसणाऱ्या धुळीचा आहे. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रोमीटर धरली, तर फुप्फुसाच्या अगदी आतल्या फुग्यांपर्यंत पोहोचणारे कण ५ मायक्रोमीटरहून लहान असतात. तिथे पुढे काय होते, हे शास्त्रज्ञांना शंभर वर्षे नीट उलगडले नव्हते. धूळ आत जाते आणि फुप्फुस दगडासारखे घट्ट होते, एवढे माहीत होते. मधली पायरी सापडत नव्हती. ती गेल्या पंचवीस वर्षांत सापडली, आणि तीच मला आज तुम्हाला सांगायची आहे.

फुप्फुसाच्या फुग्यांत पहारा देणाऱ्या पेशी असतात. त्यांना भक्षक पेशी म्हणू. बाहेरून आलेले जे काही दिसेल ते त्या गिळतात आणि आत पचवतात. हे काम प्रथम ओळखले एली मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने, १८८२ साली, सिसिलीतल्या मेसिना गावी. त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या पाहिल्या. या कामासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला विभागून मिळाले.

पण भक्षक पेशीचे काम नुसते गिळण्याचे नाही. संकट मोठे असेल तर ती इतरांना निरोप धाडते. हा निरोप म्हणजे एक प्रथिन. ते पेशीत तयार होते, बाहेर पडते, रक्तातून फिरते आणि ठिकठिकाणच्या पेशींना जागे करते. असा निरोप बाहेर जातो कसा, या प्रश्नातच आजचा सगळा विषय आहे.

आधी नेहमीची रीत पाहू. पेशीत बनलेले जे प्रथिन बाहेर पाठवायचे असते, त्याच्या सुरुवातीला एक छोटा तुकडा जोडलेला असतो. तो तुकडा म्हणजे पाकिटावरचा पत्ता. तो वाचून पेशी त्या प्रथिनाला पडद्यांच्या एका जाळ्यात घेते, तिथून ते पुढच्या छाननीघरात जाते, मग लहानशा पिशवीत भरले जाते आणि ती पिशवी पेशीच्या पडद्याशी येऊन बाहेर रिकामी होते. आपल्या शरीरातले इन्सुलिन याच वाटेने जाते. रोगांशी लढणारी प्रतिपिंडेही याच वाटेने जातात. प्रथिनांवर असा पत्ता असतो हे गुंटर ब्लोबेल यांनी दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९९९ चे नोबेल मिळाले.

आता ज्या निरोपाविषयी आपण बोलतो आहोत त्याचे नाव इंटरल्युकिन-१ बीटा. आपण त्याला 'तापाचा निरोप' म्हणू, कारण ताप आणणारे हे एक प्रमुख प्रथिन आहे. त्याच्यामुळे अंगात कसकस येते, भूक मरते, पांढऱ्या पेशी दुखऱ्या जागी धावतात. १९८४ च्या सुमारास त्याची घडण कळली तेव्हा संशोधक चक्रावले. या प्रथिनावर पत्ताच नव्हता! बाहेर जाण्याची तर त्याला फार गरज, आणि टपालाची व्यवस्था त्याला हात लावत नाही. १९९० साली इटलीतल्या जिनोआ इथल्या अन्ना रुबार्तेल्ली आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हे प्रथिन नेहमीच्या वाटेने जातच नाही. त्याची वाट वेगळी आहे. कोणती, ते मात्र अजून कळायचे होते.

शिवाय आणखी एक अडचण होती. पेशीत हे प्रथिन बनते ते अपुऱ्या रूपात, २६९ दुव्यांची लांब साखळी म्हणून. या रूपात ते काही कामाचे नसते. त्यातला पुढचा ११६ दुव्यांचा भाग कापून टाकला की उरलेल्या १५३ दुव्यांचे प्रथिन कामाला लागते. हे कापणारी कात्री १९९२ साली सापडली. तिला आज कॅस्पेज-१ म्हणतात. पण ही कात्रीसुद्धा एरवी बंद अवस्थेत पडलेली असते. मग ती उघडते कोण?

याचे उत्तर २००२ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठातून आले. फाबिओ मार्तिनो, किंबर्ली बर्न्स आणि युर्ग चॉप यांनी दाखवले की धोक्याची चाहूल लागताच पेशीतली काही प्रथिने एकत्र येऊन मोठा संच बांधतात आणि त्या संचात अडकलेल्या कात्र्या उघडतात. या संचाला त्यांनी 'इन्फ्लमासोम' असे नाव दिले. दाह पेटवणारा पिंड, असा त्याचा अर्थ. असे संच अनेक प्रकारचे आहेत. आपल्या विषयाशी ज्याचा संबंध आहे त्यातल्या पहारेकरी प्रथिनाचे नाव एनएलआरपी-३. याच्या शोधात आपल्याकडच्या लोकांचाही वाटा आहे. तेलंगणात जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत काम करणाऱ्या तिरुमला-देवी कन्नेगंटी यांचा या प्रथिनावरचा महत्त्वाचा निबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

हा संच सहजासहजी बांधला जात नाही. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची. तसेच इथे आहे. पहिली किल्ली फिरते ती जंतूंचे अंश किंवा इतर पेशींचा इशारा आल्यावर. तिने तापाच्या निरोपाचा कच्चा मसुदा तयार होतो, पहारेकरी प्रथिनेही वाढतात, पण बाहेर काही जात नाही. दुसरी किल्ली प्रत्यक्ष इजेची. पेशीतले पोटॅशियम झपाट्याने कमी झाले किंवा पेशीतली पचनाची पिशवी फाटली की पहारेकरी जागा होतो. मग पेशीत एका जागी ठिपक्याएवढा गोळा जमतो, कात्र्या उघडतात, मसुदा कापला जातो. दोन किल्ल्या कशासाठी? कारण हा निरोप जालीम आहे. तो चुकून सुटला तर स्वतःचेच घर जाळेल.

निरोप तयार झाला, पण दार? पत्ता नसल्याने टपाल बंद. ते दार २०१५ मध्ये सापडले. बीजिंगमध्ये फेंग शाओ यांच्या आणि अमेरिकेत भारतीय वंशाचे विश्व दीक्षित यांच्या प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे एकच गोष्ट दिसली. तीच कात्री, कॅस्पेज-१, आणखी एक प्रथिन कापते. त्याचे नाव गॅसडर्मिन-डी. कापल्यावर त्याचे तुकडे पेशीच्या पडद्यात जाऊन गोल कडे करून बसतात आणि पडद्याला भोक पडते. भोकाची रुंदी सुमारे २० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी. या भोकातून कापलेला, तयार निरोप बाहेर सरकतो. पुढे असेही दिसले की भोकाच्या आतल्या कडेवर ऋण विद्युतभार असतो. तयार निरोपाला तो सोयीचा पडतो आणि कच्च्या मसुद्याला मागे ढकलतो. म्हणजे दारातही तपासणी आहेच.

पेशीने ही भोके वेळेत बुजवली तर ती निरोप देऊन जगू शकते. भोके फार झाली तर पेशी फुगते आणि शेवटी फुटते. हे फुटणेही आपोआप होत नाही, निंज-१ नावाचे प्रथिन ते घडवून आणते, हे २०२१ मध्ये कळले. लहान प्रथिने भोकांतून जातात, मोठी प्रथिने पेशी फुटल्यावरच बाहेर पडतात. एका निरोपासाठी पेशी आपल्या भिंतीला भोके पाडते आणि पुष्कळदा जीवही देते.

जंतू आला असेल तर हा सौदा फायद्याचा आहे. चार पेशी मेल्या, ताप आला, पांढऱ्या पेशी धावल्या, जंतू संपला, संच मोडला, ताप उतरला. तापाला सुरुवात असते आणि शेवटही असतो.

आता या ठिकाणी गारेचा कण आणून ठेवा.

भक्षक पेशी त्याला गिळते. पचनाच्या पिशवीत घालते. पण दगड पचत नाही. त्याच्या स्फटिकाचा पृष्ठभाग त्या पिशवीला इजा करतो आणि ती फाटते. दुसरी किल्ली फिरली. संच बांधला गेला, कात्री उघडली, निरोप सुटला, पेशी मेली. सिलिका आणि ॲस्बेस्टॉस यांच्या कणांनी एनएलआरपी-३ चा संच पेटतो हे २००८ साली निरनिराळ्या प्रयोगशाळांनी एकाच वर्षात दाखवले. ज्या उंदरांमध्ये हा पहारेकरी नव्हता, त्यांच्या फुप्फुसांत त्याच धुळीने दाह कमी झाला आणि व्रणाचे धागेही कमी साचले. शंभर वर्षे न सापडलेली मधली पायरी ती हीच. एकट्या या निरोपानेच सगळे घडते असे नाही, त्यात इतरही प्रथिनांचा हात असतो. पण पहिली काडी इथे पडते.

पुढची गोष्ट यापेक्षा वाईट आहे. पेशी मेल्यावर तो कण मोकळा होतो, जसाच्या तसा. दुसरी पेशी येते, त्याला गिळते, तीही निरोप देऊन मरते. मग तिसरी. जंतू मरतो, दगड मरत नाही. जो निरोप दोन-चार दिवसांसाठी होता, तो वीस वर्षे सुटत राहतो. निरोप ऐकून धागे विणणाऱ्या पेशी जखम बुजवायला येतात, पण जखम संपतच नाही, म्हणून त्या विणतच राहतात. हवेच्या फुग्यांच्या जागी गाठी होतात. माणसाला आधी चढावर धाप लागते, मग अंगणात, मग बसल्या जागी. खदान सोडून दहा वर्षे झाली तरी आजार वाढू शकतो, याचे कारण हेच. माणूस खदानीतून निघतो, खदान माणसातून निघत नाही.

याच यंत्रणेचा दुसरा आजार आपल्या घराघरांत माहीत आहे. गाउट, आयुर्वेदातले वातरक्त. रात्री अचानक पायाचा अंगठा लालबुंद होतो, चादरीचा स्पर्श सहन होत नाही. तिथे युरिक आम्लाचे स्फटिक हाच संच पेटवतात, हे २००६ मध्ये चॉप यांच्या गटाने दाखवले. त्यावरचे जुने औषध कोल्चिसिन. हे द्रव्य आपल्या रानातल्या कळलावीतही असते. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुले येतात, तीच ही वेल. कोल्चिसिन पेशीतल्या बारीक नळ्यांचा सांगाडा मोडते, त्यामुळे हा संच जमणे अवघड होते. मात्र कृपा करून कोणी कळलावीचा कंद उगाळू नये. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे आहे आणि त्या कंदाने माणसे दगावलेली आहेत.

पण गाउट आणि सिलिकोसिस यांत मोठा फरक आहे. युरिक आम्लाचे स्फटिक औषधाने विरघळवता येतात. गार विरघळवता येत नाही.

मग निरोपच का अडवू नये? तसे औषध आहे. २०१७ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवर तापाचा निरोप अडवणारे इंजेक्शन वापरून पाहिले होते. मधल्या मात्रेने पुन्हा झटका वगैरे येण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. पण औषध घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने मृत्यूही जास्त झाले. पहारेकऱ्याचे तोंड बांधले की चोरालाही सोपे जाते. सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षयाचा धोका आधीच कित्येक पट जास्त असतो. त्याच्या बाबतीत असा उपाय करताना शंभरदा विचार करावा लागेल. आज तरी साचलेली गार काढणारे किंवा घट्ट झालेले फुप्फुस मऊ करणारे औषध नाही.

म्हणून पहिला उपाय दाराबाहेरच करायला हवा. कण आत जाऊच न देणे. कोरड्या दगडात भोक पाडण्याऐवजी पाणी सोडून पाडणे, क्रशरवर पाण्याचा फवारा, कटाईच्या यंत्राला धूळ ओढून घेणारी जोडणी, योग्य प्रतीचा मास्क. तोंडाला बांधलेला गमछा न दिसणारे कण अडवत नाही, हे आपल्या भागात मुद्दाम सांगितले पाहिजे. आणि धोका फक्त खाणीतच आहे असे समजू नका. गिट्टीच्या क्रशरवर, विहीर फोडताना, घरात ग्रॅनाइट आणि टाइल्स कोरड्या कापताना हीच भुकटी उडते. तुमच्या घराचे काम चालू असेल तर कापणाऱ्या मुलाजवळ पाण्याची बादली ठेवा आणि पाणी टाकून कापायला सांगा. एवढे तर आपल्या हातात आहे.

दुसरे काम खास आपल्या मंडळाचे आहे. सिलिकोसिसच्या छातीच्या फोटोत वरच्या भागात डाग दिसतात, क्षयातही तिथेच दिसतात. खोकला दोन्हींत, वजन घटणे दोन्हींत. डॉक्टरांनी 'काम काय करता?' असे विचारले की म्हातारा माणूस 'शेती' किंवा 'रिटायर' असे सांगतो. चाळीस वर्षांपूर्वीची खदान त्याच्या तोंडून येत नाही. मग टीबीच्या गोळ्यांचा कोर्स एकदा होतो, दोनदा होतो, आणि खरा आजार कागदावर कधीच येत नाही. खाणकामगारांच्या बाबतीत सिलिकोसिस हा कायद्याने कळवायचाच आजार आहे, कायद्याखालच्या यादीत तो आहे. मँगनीजने होणारा मज्जासंस्थेचा विकारही त्या यादीत आहे. पण कळवायला आधी कळावे लागते, आणि कळायला कोणीतरी सांगावे लागते. भरपाईचा दावा तर त्या पुढचा.

तेव्हा माझी तुम्हाला विनंती आहे. आज घरी गेल्यावर वहीचे एक पान घ्या. आजोबा, काका, शेजारचे कोणी, कधीकाळी दगडाच्या कामावर होते का ते विचारा. कोणते गाव, कोणते वर्ष ते कोणते वर्ष, जमिनीखाली की वर, भोक पाडण्याचे काम की भरण्याचे, कोरडे की ओले, हे लिहून ठेवा. हजेरीचे जुने कार्ड किंवा पगाराची चिठ्ठी सापडली तर त्या पानाला टाचून ठेवा. दवाखान्यात जाताना ते पान फाइलीत सगळ्यात वर लावा. ज्या घरात वाचणारे-लिहिणारे कोणी नाही, त्या घराचे पान मंडळातल्या कोणीतरी लिहून द्यावे.

भक्षक पेशी आपला निरोप बाहेर पोहोचवण्यासाठी स्वतःची भिंत फोडते. आपल्याला तेवढे करायचे नाही. पाटीवर जे शिकलो, ते वापरून एक पान लिहायचे आहे.